दसऱ्यानंतर हरवलेले रिपोर्ट

त्या दसऱ्यानंतरचा आठवडा मी विसरलेलो नाही. बडोद्यात पोलीस निरीक्षक होतो. हजेरी संपत असतानाच कारेलीबागेतल्या एका पॅथॉलॉजी लॅबचे मालक डॉक्टर अर्ज घेऊन आले. तज्ज्ञाच्या सहीसाठी थांबलेले सहा दिवसांचे रक्ताचे रिपोर्ट संगणकातून गेले होते. नमुने टाकून दिलेले. पेशंटना पुन्हा सुई टोचावी लागणार होती.

संशयित डॉक्टरांनीच सांगितला. लॅबचे संगणक सांभाळणारा, तरसालीत राहणारा तिशीतला मराठी माणूस. त्याने राजीनामा दिला होता; पंधरा दिवसांनी पुण्यात रुजू व्हायचे होते.

"चोक्कस, नक्की त्यानेच केलंय, साहेब. पगारावरून बोलाचाली झालेली. जाता जाता दाखवून गेला."

पुरावाही होता. मुख्य संगणकात त्याने शेल स्क्रिप्ट लिहून ठेवली होती. म्हणजे हुकमांची यादी, जी संगणक ठरल्या वेळी आपोआप पाळतो. रोज दुपारी दोनला ती तपासणी यंत्रांतून निकाल उतरवून घेई, शेजारच्या खोलीतल्या रेकॉर्डच्या संगणकावर पाठवी आणि मुख्य संगणकातून पुसून टाकी. दसऱ्यानंतर रेकॉर्डच्या संगणकावर काहीच पोचले नव्हते. पुसणे मात्र रोज झाले होते.

त्याला बोलावले. घर बघायला आठवडाभर पुण्याला गेला होता, त्याच सकाळी परतला होता. पण रजेवर असण्याला अर्थ नव्हता. हुकूम आपोआप चालत होते.

"स्क्रिप्ट तुझी?"

"माझीच."

"पुसायची ओळ?"

"तीही माझीच. पण साहेब, आधी नक्कल, मग पुसणं. नक्कल पोचली नाही तर ती पुसतच नाही. मला एकदा लॅबमध्ये बसू द्या."

"पुरावा नष्ट करायला?"

बाहेर बाकावर त्याची बायको बसली होती. तिने हवालदाराला एकच विचारले, "गुन्हा दाखल झाला तर पुण्याची नोकरी राहील का हो?" आत अटकेचे कागद टाइप होत होते.

तेवढ्यात जमादार शस्त्रांचे रजिस्टर घेऊन आले. वयाने मोठे, तोंडाने फटकळ.

"सही बाकी आहे, साहेब. पूजेनंतर पोरांनी बंदुका हाताला येतील तशा खणांत ठेवल्या होत्या. नऊ नंबरच्या खणात चौदाची बंदूक! खणाच्या भरवशावर राहिलो असतो तर दुसऱ्याचीच उचलली असती. नंबर बघून परत लावल्या."

दसऱ्याला ठाण्यात शस्त्रपूजा होते, तशी बडोद्यात यंत्रांची पूजा घरोघरी, दुकानोदुकानी होते. मी पेन खाली ठेवले आणि डॉक्टरांना विचारले, "तुमच्याकडे पूजा झाली?"

"हा ने. सगळे संगणक बंद करून, हार घालून. राउटरलाही कंकू लावलं."

संशयित खुर्चीतून उठलाच. "राउटरपण बंद केलात? डॉक्टरसाहेब, दरवर्षी मी चालू मशीनलाच हार घालायचो, ते काय हौस म्हणून?"

"अरे भाई, पूजेला मशीनने एक दिवस आराम करायला नको?"

राउटर प्रत्येक संगणकाला एक क्रमांक देतो, हे त्याने मला समजावले. बंद करून वेगळ्या क्रमाने सुरू केले, की क्रमांक बदलू शकतात. स्क्रिप्टमध्ये त्याने संगणकाचे नाव न लिहिता क्रमांक लिहिला होता, आणि सगळ्या संगणकांना पासवर्ड एकच, म्हणून तो क्रमांक मिळालेल्या दुसऱ्या संगणकानेही नक्कल घेतली असणार. "ही चूक माझी," तो म्हणाला.

जीप काढली. लॅबमध्ये त्याला मी कळफलकाला हात लावू दिला नाही. तो सांगत होता, हवालदार टाइप करत होता. जुना क्रमांक आता बिलाच्या काउंटरवरच्या संगणकाकडे होता. तिथे कोणी कधी न उघडलेल्या फोल्डरमध्ये सहाही दिवसांचे रिपोर्ट होते. डॉक्टरांनी एकेक उघडून पाहिला. मग खाली बसले आणि पाणी मागितले. त्यांनी पहिला पेला संशयिताला दिला.

अर्ज निकाली काढला. ठरल्या तारखेला तो पुण्यात रुजू झाला.

हुकूम बिनचूक पाळला गेला होता. पत्ता बदलला होता. माझी चूक त्याहून साधी होती. तो माणूस पहिल्या उत्तरापासून खरे बोलत होता. संशयाला जुळणारे 'पुसणे' तेवढे मी ऐकले. 'आधी नक्कल' कानाआड केले. ते ऐकले असते तर रिपोर्ट कुठेतरी आहेत, हे तेव्हाच कळले असते. त्यानंतर चौकशीत प्रत्येक उत्तर मी दोनदा वदवून घेत असे.

अटकेचे टाइप केलेले कागद मी स्वतः फाडले. खाली सहीची जागा कोरी होती, याचे समाधान आजही आहे.