माणसं सोडून अठ्ठावन्न मण

नत्थूजींचं नाव निघालं की नागपूरच्या इतवारीतले जुने लोक अजूनही म्हणतात, तसा तोलणारा पुन्हा झाला नाही. मीही मान डोलावतो. माझ्या मान डोलावण्याला कवडीची किंमत नाही, हे मला ठाऊक आहे आणि यमुताईंना.

धान्याच्या बाजारात नत्थूजी चाळीस वर्षं काट्यावर उभे होते. काटकुळे, उंच, डोक्याला मळका पटका. पहिल्या मापाला 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणायची बाजाराची रीत. त्यांच्या तोंडून तो 'लाभ' निघाला की घेणारा आणि देणारा दोघेही निर्धास्त होत. पोतं नुसतं बघून ते वजन सांगत, आणि काटा मागाहून तेच सांगे. हट्ट मात्र एक होता. जिवंत माणसाला तोलायचं नाही. कोणी गमतीनं पारड्यात बसला तर ते त्याला हाताला धरून उठवत. "मानसाची तुला देवाच्या दारी," म्हणत, "बाजारात नाही."

१९३६ साली बाबाराव या इतवारीतल्या बड्या अडत्यांनी एक मंडळ काढलं आणि खेड्यांतल्या बाळंतिणींसाठी फिरता दवाखाना काढायचं ठरवलं. मी त्या मंडळाचा कारकून. मॅट्रिक झालेला, भोसल्यांच्या वेळेपासून लेखणी धरणाऱ्या घरातला, म्हणून शहाणा. विलायतेला परत निघालेल्या एका साहेबाची घरगाडी आम्ही घेतली. दोन चाकांची, लॉरीच्या मागे जोडायची, भलतीच जड. बाकी सगळं धड होतं, टायर तेवढे गेले होते.

सीताबर्डीच्या टायरवाल्यानं आधी वजन विचारलं. वरची नक्षी बघू नका, म्हणाला, ही चाकं नुसतं ओझं झेलतात, तेव्हा आत कापडाचे थर किती ते बघा. त्याच्याकडे साठ मण झेलणारी जोडी तयार होती. त्याहून जाड हवी तर मुंबईहून मागवावी लागणार, महिना जाणार. इकडे बाबारावांनी उद्घाटनाचा मुहूर्त आठ दिवसांवर धरलेला, आणि पत्रिकाही वाटून झालेल्या.

वजनाला नत्थूजींशिवाय कोण? गाडी मालधक्क्याच्या मोठ्या काट्यावर चढायच्या आधीच ते "अडतीस मन" म्हणाले, आणि अडतीसच भरली. मग खाट, कपाट, औषधांच्या पेट्या, स्टोव्ह, एकेक जिन्नस त्यांनी स्वतः तोलला. पाण्याची टाकी मी रिकामीच पुढे केली तर माझ्यावर डाफरले, "पानी काय तिथं पाऊस भरून देणार हाये का गा? भरून आना." बाळं तोलायचा छोटा काटासुद्धा त्यांनी आपल्या काट्यात ठेवला आणि स्वतःशीच हसले. सामान झालं वीस मण. एकूण अठ्ठावन्न.

दवाखान्याच्या नर्स यमुताई शेजारीच पेट्या लावून घेत होत्या. मी आवाज खाली करून विचारलं, "नत्थूजी, आणि माणसं?"

त्यांनी जीभ चावली, कानाला हात लावले. "जित्या जिवाले तोलतेत का, बाबू? त्यात बायामानसं, पोटुशी. असं बोलू बी नाही."

आता खरं सांगतो. ती त्यांची श्रद्धा होती, माझी नव्हती. गाडीत सहा जणांना बसायची सोय होती. माणशी दीड मण म्हणजे नऊ मण, हा हिशेब माझ्या डोक्यात तिथल्या तिथे झाला होता. पण नऊ मिळवले की मुंबईचे टायर आले, महिन्याचा उशीर आला, आणि ते बाबारावांना सांगायला मी आलो. मांजराच्या गळ्यात घंटा बांधायला माझी छाती झाली नाही. मी अठ्ठावन्नाखाली रेघ ओढली आणि सही केली.

दोन महिने आत दोघी-तिघीच असत, टायरांनी सोसलं. मग वैशाखात मौद्याकडची एक अडलेली बाई आणि तिच्या घरच्या बाया घेऊन गाडी नागपूरला निघाली. यमुताई धरून आत सहा जणी. भर दुपारी टायर फुटला आणि गाडी रस्त्याकडेच्या खड्ड्यात कलंडली. बाई वाचली, पुढे सुखरूप बाळंतही झाली, कारण यमुताईंनी तिला घट्ट धरून ठेवलं होतं. त्यांचं स्वतःचं उजवं मनगट खाली सापडलं. ते पुन्हा सरळ झालं नाही.

बाबारावांच्या गोदामात मंडळ बसलं. लॉरीचा ड्रायव्हर ओमप्रकाश हात जोडून उभा होता. "सेठजी, आगे बैलगाड़ी थी. तेज कैसे चलाता?" टायर नवे, तेव्हा दोष चालवणाऱ्याचा, असं ठरूनच गेलं होतं. मी त्याची बडतर्फी लिहीत होतो.

तेवढ्यात नत्थूजी आले. चपला बाहेर काढल्या आणि कोणाशी न बोलता काट्याच्या पारड्यात जाऊन बसले. हमाल मागे सरकला.

"वजन टाक," ते म्हणाले. तो हलेना. "टाक गा. लाभ म्हन अन् टाक."

दीड मण भरला.

"असे सहा जीव होते आत," पारड्यातूनच ते बाबारावांना म्हणाले. "नऊ मन. मी धरलेच नाही. चूक माही हाये, मालक. याच्या पोटावर काहून पाय देऊन राहिले?"

बाबाराव माझ्याकडे वळले. "हिशेब तर तुम्ही लिहिला ना, बाबू? तुमच्या ध्यानात नाही आलं?"

माझ्याआधी नत्थूजीच बोलले. "मी सांगतलं ते त्याइनं लिहिलं. त्याइले काय मालूम?"

मी मान खाली घातली, आणि दौतीचं झाकण लावलं.

ओमप्रकाशची नोकरी राहिली. नत्थूजी दुसऱ्या दिवसापासून बाजारात आले नाहीत, कोणी नको म्हटलं नसताना. मी भेटायला गेलो की उठून मलाच खाट देत. "तुमी इचारलं होतं गा," म्हणत, "मीच नाही आयकलं." मी चहा पिऊन घरी यायचो. शरम वाटायची, आणि तरी चहा प्यायचो.

मुंबईचे टायर आले ते बसवायच्या दिवशी यमुताई आल्या होत्या. वाकडं मनगट पदराखाली होतं. माणसं पांगल्यावर त्या माझ्यापाशी थांबल्या.

"त्या दिवशी तुम्ही नत्थूजींना विचारलेलं मी ऐकलं होतं," त्या म्हणाल्या. "मी तिथेच उभी होते. मला का नाही विचारलंत? मी रोज बाळं तोलते. माझं वजन मला पाठ होतं."

त्या गाडीत चढल्या. त्यांनी डाव्या हातानं दार ओढून घेतलं आणि गाडी मौद्याला निघाली.