सोजरबाईच्या हातची खोळ

…अन् म्हणूनच सांगतो, कोनाड्यातल्या त्या लाल टवक्याले हात लावू नको. टवका नाही तो, खोळ हाय. बस इथं गोप्या, कागद घे मांडीवर अन् मी सांगतो तसं लिही. मधात मधात "आजी, मंग काय" करू नको, माहा धागा तुटते.

ते खोळ तुह्या पणजीच्या हातची हाय, सोजरबाईच्या. किन्हीराजा गावची लेक, अन् दिली इथं पैनगंगेच्या काठावर, याच घरात. अंगानं काडी, पण आवाज असा का नदीपारच्या गाईनं कान टवकारावं. तिले तीन लेकरं झाले, तिन्ही पोट्टे. लेक नाही. कोणाची पोट्टी आंगणातून चालली का बलावून घे, मांडीत बसवून येणी घाले, अन् पोट्टी पळाली का हातात नुसती कंगवी घेऊन बसे. तुहा पणजा जगदेव म्हणे, "सोजरे, आता बैलाच्या शेपटीची येणी घाल." ती म्हणे, "तुमची मिशी वाढू द्या, आधी तिची घालतो."

तवा नदीच्या या अंगाले इंग्रजाचं राज, अन् त्या अंगाले मोगलाई, मंजे निजामाचं. पाणी तेच, मासोळ्या त्याच, पण मधात नाका. तिकडचा रुपया इकडं चाले नाही, अन् इकडचं लुगडं तिकडं नेलं तं नाक्यावरचा शिपाई गठुडं उचकटून पाहे. सोयरिकी मात्र होत राहत. बुढे लोक म्हणत, राजे दोन असतीन, व्याही तं एकच हाय.

मंग इंग्रज गेला. इकडं झेंडे लागले, साखर वाटली. तिकडं निजाम म्हणे मी नाही येत तुमच्यात. त्याच्या नावानं रजाकार सुटले. गावात घुसत, दाणे नेत, घरं जाळत. तिकडचे लोकं डोक्यावर गठुडे घेऊन नदीतून इकडं येऊन राह्यले होते. म्हशी, कोंबड्या, बाळंतिणी, सारे. आपल्या गावात कोणाच्या गोठ्यात माणसं, कोणाच्या ओसरीत माणसं. सोजरबाई सकाळी भाकरी टाकाले बसे तं दुपारच्याले उठे.

त्या दिवसात एक बैलाचं खाचर आंगणात येऊन उभं राह्यलं. कापसाच्या गाठोड्यावर गाठोडे लादलेले. हाकणारा चाँदमिया पिंजारी. नदीपारच्या गावचा, पण गाद्यांचा कापूस पिंजाले इकडंही फिरे. आपल्या घरच्या गाद्या त्याच्याच हातच्या. तो खाली उतरला अन् म्हणे, "भाबी, एक पोरगी आणली. ठेवून घे."

"कोणाची हाय?"

"गावाची."

त्यानं एक गाठोडं सोडलं, कापूस बाजूले सारला, तं आतून देवी निघाली. त्यायच्या गावची देवी. वीतभर काळा दगड, बारीक अंग, नाकी-डोळी नीट, चांदीचे दोन इवले डोळे. रजाकार देऊळ फोडतीन असं भेव होतं. पण मुसलमान पिंजाऱ्याचं गाठोडं नाक्यावर कोण उचकटते? म्हणून तिथल्या लखमा गुरवानं गुपचूप देवी त्याच्या हवाली केली होती. लखमा सोता तिथंच राह्यला, रिकाम्या ओट्यापाशी, रोज दिवा लावत, कोणाले शक येऊ नये म्हणून.

देवीच्या तेलकट अंगाले कापूस चिकटला होता, थंडीत घोंगडं पांघरलेल्या बुढीसारखी दिसे. सोजरबाईनं पदरानं पुसलं, कोनाड्यात बसवलं, अन् मंगळवार होता म्हणून घाईघाईत तेल-सेंदूर लावून टाकला. अंगण माणसानं भरलेलं, कोणाले भाकर, कोणाले पाणी. त्यात किती पुसणार?

पावसाळा सरता सरता आपली फौज तिकडं गेली. चार-पाच दिवसात निजाम खाली बसला. लोकं त्याले पोलीस आक्शन म्हणत. इकडं आलेले आपापल्या घरी गेले, आंगण रिकामं झालं. पण तिकडं उलटं सुरू झालं, बापा. ज्यायचे घरं जळले होते ते आता दुसऱ्यायचे जाळाले निघाले. रजाकार तं कव्हाच पळाले होते. सापडले ते घरी बसलेले. चाँदमियाचं घर जाळलं, आत त्याचं कापूस पिंजाचं पिंजणही जळलं. अन् जाळणारे कोण? त्याच गावचे जवान पोट्टे, ज्यायची देवी त्यानं कापसात झाकून आणली होती. त्यायले ठाऊक नव्हतं. लखमा गुरवाले ठाऊक होतं. पण लखमा बोलला नाही.

चाँदमिया बायको अन् लेकरं घेऊन आला, तो त्याच आंगणात. सोजरबाईनं परातीत पीठ घेतलं. गोठ्याची एक बाजू त्यायले दिली, मंग त्यायनं तिथं कुडाच्या भिती घातल्या, नवं पिंजण केलं, अन् ते कुटुंब इथलंच झालं. कव्हा मव्हा चाँदमिया दारातून कोनाड्याकडं पाहे अन् म्हणे, "काय बाई, आपून दोघं एकाच खाचरातून आलो. तुले कोनाडा भेटला, मले गोठा." सोजरबाई म्हणे, "तिले सेंदूर लागते, तुमाले तीन टाइम भाकर. बदलून घेता का?"

देवी न्याले कोणी आलं नाही. तिकडं ओटा पडला होता, गावात दोन तट पडले होते, कोण कोणाच्या घरी जाईना. इकडं सोजरबाई दर मंगळवारी देवीले तेल-सेंदूर लावे. बाकीच्या बाया सणावाराले लावत, बोटभर. हिचा हात सढळ. लेकीच्या डोक्यात तेल जिरवावं तशी लेपत राहे, अन् तिच्याशी बोले. जगदेवाच्या चहाड्या सांगे. उडदाच्या डाळीत खडे निघाले ते सांगे. असं करता करता देवी भरत गेली. मान गेली, नाक गेलं, चांदीचे डोळे सेंदरात बुडाले. तवा तिनं पोराचे वाळे मोडले अन् सोनाराकून नवे, मोठे डोळे करून बसवले. जगदेव म्हणे, "लेक खाऊन-पिऊन सुखी दिसते. पुढच्या साली कोनाडा फोडा लागते."

आठ वर्सं अशी गेली. अन् मंग सरकारनं नकाशाच बदलला. मोगलाईचा मराठी मुलूख अन् आपला वऱ्हाड, दोन्ही एकाच राज्यात टाकले, मुंबईच्या. जगदेव चावडीवर ऐकून आला अन् म्हणे, "आपून मुंबईत गेलो."

सोजरबाई म्हणे, "कव्हा? बैल तं इथंच बांधले हाय."

नाका त्याच्या आधीच उठला होता. नुसतं छप्पर उरलं होतं, त्यात बकऱ्या बसत. पण लोकायले वाटलं का आता खरंच मधातलं सारं मिटलं. पुढच्या चैतात, पुनव जवळ आली असताना, एक खाचर दारात आलं. लखमा गुरव उतरला. पार वाकला होता. संग गावचे चार जण, त्यात रामराव नावाचा मिशाळ गडी पुढं-पुढं.

लखमा ओसरीवर टेकला अन् म्हणे, "माय, नवा ओटा बांधला. लेक न्याले आलो."

सोजरबाईच्या हातात पाण्याचा तांब्या होता. तो तसाच राह्यला. लेक दुसऱ्याची हाय हे तिले काय ठाऊक नव्हतं? पण ठाऊक असणं अन् दारात खाचर येणं, दोन गोष्टी हाय.

लखमानं थैलीतून लुगडं काढलं. हिरवं, लाल काठाचं, बाहुलीचं असावं तेवढं, अन् संग चोळी. म्हणे, "आमच्या हिरीबाईनं शिवलं, पयलेपासून देवीचं लुगडं तेच शिवते. तिले आता दिसत नाही. देवीचं माप तिच्या बोटात हाय म्हणते, त्या मापानं केलं."

कोनाड्यापाशी गेले. लखमानं लुगडं नेसवाले घेतलं, तं ते अर्ध्यातच सरलं. चोळीत तं देवीचा एक खांदाही जाईना. लखमानं दोनदा पाह्यलं. मंग मागं सरला.

रामराव म्हणे, "बुवा, हे आपली देवी नोहे."

"आपली बारीक होती," लखमा हळूच म्हणे. "नाक होतं तिले. डोळे इवले होते. हे तं…"

"आपली कुठी ठेवली, पाटील?" रामरावानं जगदेवाले इचारलं.

जगदेव तापला. "आमी काय देवाचा बजार मांडला का? नऊ वर्सं सांभाळली, त्याचं हे?"

आवाज ऐकून चाँदमिया गोठ्याच्या दारात आला. म्हणे, "बुवा, वहीच हाय. मी आणली तेच. मीच ठेवली इथं."

रामरावानं त्याच्याकडं पाह्यलंही नाही. "आता देवीसाठी पिंजाऱ्याची साक्ष घ्याची का?"

लखमानं मान खाली घातली. या बारीही बोलला नाही. चाँदमिया आत गेला, अन् पिंजणाचा आवाज सुरू झाला, रोजच्याहून जोरात.

लखमा लुगड्याची घडी घालाले लागला. म्हणे, "चला. आपली कुठी हरपली असन. नवी बसवू."

खरं सांगतो, सोजरबाईच्या मनात त्या टायमाले लाडू फुटले. जगदेव तिच्या कानाशी म्हणे, "चूप राय. देवीनंच ठरवलं तुह्यापाशी राहाचं." अन् ती चूप होती. एक शब्द न बोलता लेक घरात राहत होती.

पण तिची नजर त्या घडीवर पडली. लुगड्याची दुमड वाकडी होती, टाके कुठी लांब, कुठी आखूड. आंधळ्या बाईनं बोटानं चाचपून घातलेले. तिकडंही कोणी नऊ वर्सं लेकीचं माप बोटात धरून बसली होती. अन् इकडं गोठ्यातून ते पिंजण वाजून राह्यलं होतं. हे लोक असेच गेले तं चाँदमिया जलमभर खोटा.

"थांबा बुवा," ती म्हणे. "लेक आंघोळीबिगर नेता का?"

तिनं देवी उचलली, आंगणात उन्हात पाटावर ठेवली, अन् चुलीवर पाणी चढवलं. चैताचं ऊन, तापला तवा. रामरावाच्या ध्यानात आलं तसा तो म्हणे, "बाई, सेंदूर काढाचा नसते. खोळ आपल्या मनानं पडली तं पडू द्याव. देवी कोपीन."

खोळ मंजे काय, तं सेंदराचे थर चढून चढून देवाच्या अंगावर कवच होते, ते. बारा-बारा वर्सं राहते, अन् एक दिवस आपोआप गळते. हातानं कोणी काढत नाही.

सोजरबाई म्हणे, "कोपली तं माह्यावर कोपीन. मीच लेपलं हाय. माय अंग धुते तवा लेक रडते, कोपत नाही."

तिनं कोमट तेल कडंकडंनं सोडलं, मंग ऊन पाणी. अंगठा फिरवत राह्यली, बाळंतिणीच्या लेकराले चोळते तसा. जरा वेळानं कवठ फुटल्यावानी आवाज झाला, अन् खोळ अख्खीच्या अख्खी तिच्या हातात आली, नवे डोळे अन् सारं घेऊन.

पाटावर देवी राह्यली. वीतभर, काळी, बारीक. इवले डोळे. अन् नाकावर, मानेवर, कानामागं कापूस. सेंदरात बुडून लाल झालेला, चिकटलेला कापूस, खाचरातून उतरली त्या दिवसाचा.

लखमानं एक तंतू बोटावर घेतला अन् पाहत राह्यला. पिंजण बंद झालं होतं. मंग तो उठला, काठी टेकत गोठ्याच्या दारात गेला.

"चाँदभाई," म्हणे, "मी तवाच बोलाले पाह्यजे होतं."

"बोलले असते तं तुमचंही घर जाळलं असतं त्यायनं."

"जाळलं असतं तं बरं झालं असतं. त्या घरात मले झोप नाही लागली."

चाँदमियानं त्याले बसाले कापसाचं गाठोडं सरकवलं, एवढंच. रामराव आंगणात आपल्याच पायाकडं पाहत उभा होता. जाळणाऱ्यात तो होता का नव्हता, कोणी इचारलं नाही. तो खाचरापाशी गेला, बैल जुपले, परत आला अन् चाँदमियाले म्हणे, "चाचा, जराकसा कापूस असन तं द्या. रस्ता खडकाचा हाय, देवीले हादरे बसतीन."

चाँदमिया म्हणे, "हाय. आताच पिंजला."

हिरीबाईचं लुगडं देवीले असं बसलं का बोटभर कमी नाही, बोटभर जास्त नाही. सोजरबाईनं तांदूळ-खोबऱ्यानं ओटी भरली, लेकीची भरतात तशी. देवीच्या कानाशी लागून काहीतरी सांगितलं. जगदेव म्हणे, "माह्या चहाड्या असतीन." लखमा म्हणे, "चाँदभाई, तुमी आणली, तुमीच नेऊन घाला." तो उठला, डोक्याले फडकं गुंडाळलं अन् कासरा हातात घेतला.

दुसऱ्या दिवशी चाँदमिया परत आला. म्हणे, "गाववाले घराले जागा देतो म्हणतात. मी म्हटलं, तिकडं गोठ्यापाशी आंबा लावला हाय, त्याले पाणी कोण घालन?"

खोळ नदीत सोडाची असते. सोजरबाई गेली, गुडघाभर पाण्यात उभी राह्यली, अन् पदरात घेऊन वापस आली. जगदेवाले म्हणे, "देवी त्यायची होती. हे तं माही हाय." आतून पाह्यशीन तं अजून कापूस हाय तिले. मरेपर्यंत दर मंगळवारी तिच्यावर नुसता हात फिरवे. सेंदूर नाही, नुसता हात.

तवापासून दर चैतात देवीच्या दिव्याचा कापूस इकडून जाते, चाँदमियाच्या घरून. आता त्याचा नातू देते. यंदाचा तो पाहा, खुंटीले पुडी टांगून ठेवली. उद्या तू नदीपार चाललाच हाय, तं ते तुह्या विजयमाला आत्याच्या हातात दे. सून हाय ती त्या गावची, आता देवीचं तीच पाह्यते. अन् तिले माहा निरोप सांगजो का बाई, सेंदूर पातळ लावत जाय.