नाक मोकळं झालेलं पिल्लू

सर्दीच्या साथीत मांजराच्या पिल्लाचं नाक चोंदलं की ते खाणं सोडतं. वास आला नाही, तर त्याला अन्न हे अन्नच वाटत नाही. जिन्याखाली मी अशाच एका पिल्लाचे चिकटलेले डोळे कोमट बोळ्याने पुसत होते, तर शेजारच्या काकू म्हणाल्या, "मरू दे गं! दूध ठेवलं तरी तोंड फिरवतं, माज बघ!" उपाशी जिवाला माजोरडं म्हणायची आपली जुनीच खोड. पोत्यात घालून त्याला नाल्यावर सोडलं होतं ते यांनीच. मी परत आणलं.

आज त्याचं नाक मोकळं झालं. ते उठलं आणि अडखळत थेट काकूंच्या दाराशी गेलं. आत बोंबील तळत होते. दार उघडलं, आणि आधी केरसुणी बाहेर आली.

मी त्याला बरं केलं ते यासाठी: मारणाऱ्याचं घर त्याला आता वासावरून सापडतं.