आई रडली ती दुपार

निजामाच्या पोलिसांनी मानवतच्या आमच्या दुकानातून थोरल्या भावाला धरून नेलं, त्यानंतर आईनं बसणंच सोडलं. दळण, पाणी, सारवण. काम संपलं की केलेलंच पुन्हा करायची. रडायचीही नाही.

माझ्या शाळेत सगळं उर्दूत. मराठी वाचायला वडिलांनी घरी शिकवलेलं. मामानं पुण्याहून आणलेली एक कादंबरी मी एका दुपारी मोठ्यानं वाचत होते. तिच्यातली म्हातारी परागंदा मुलाचं ताट रोज वाढून ठेवते, त्या पानावर आले आणि आईचं जातं थांबलं. ती माझ्याजवळ येऊन भिंतीला टेकली, तोंडाला पदर लावून कितीतरी वेळ रडली. मग म्हणाली, "लय दमले गं. वाच पुढं."

संस्थान गेलं, भाऊ सुटून आला. तोवर ते पुस्तक आम्हा मायलेकींना पाठ झालं होतं.

बऱ्याच वर्षांनी त्या कादंबरीचे लेखक परभणीला व्याख्यानाला आले. आई तेव्हा नव्हती. पाया पडून मी म्हटलं, "तुमच्यामुळं माझी आई रडू शकली." त्यांना नीट ऐकू आलं नसावं, नुसती मान हलवून ते चहाकडे वळले. मला वाईट वाटलं नाही. तेही फार थकलेले दिसत होते.