कुंकवाला सोडलेली जागा

शरदिनी मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवी आणि सुटीत स्वतःचंच चित्र काढी. नवरा गेल्यापासून तिला हा नाद लागला होता. चेहरा तिचा, बाकी सगळं भलतंच. कधी पदराच्या जागी गंगा, कधी छातीशी फुटकी नाव. कपाळाशी आलं की मात्र हात अडे. कुंकू काढावं तर खोटं, न काढावं तर लोकांचं ऐकल्यासारखं. शेवटी तिथे कोरा कागद राहून जाई.

त्या भाद्रपदात रामघाटावरच्या त्यांच्या घरातली कागदाची गौर उंदरांनी कुरतडली. थोरल्या जाऊबाई प्रभावती यांनी सरळ शरदिनीचं एक चित्र उचललं आणि मखरात बसवलं.

"जाऊबाई, ते माझं..."

"ठाऊक आहे. बाजारच्या छापील गौरीपेक्षा बरं. कुंकवाला जागाही सोडली आहेस."

संध्याकाळी गल्लीतल्या बायका हळदीकुंकवाला आल्या. एरवी करंडा घेऊन शरदिनीपाशी आल्या की याच बायकांना नेमकं दुसरीकडे बघायचं सुचे. आज एकेकीने तिच्या कागदी कपाळावर ठसठशीत कुंकू लावून हात जोडले. "गौर किती ओळखीची वाटते," असं एक जण म्हणाली, आणि दारात उभ्या शरदिनीकडे तिने पाणी मागितलं. हसावं की संतापावं, शरदिनीला कळेना. खरं तर तिला बरं वाटलं होतं, आणि त्याची लाजही वाटत होती.

तिसऱ्या दिवशी दोघी जावा गौर घेऊन नावेत बसल्या. या घरची गौर गंगेतच सोडायची रीत. चित्र परत मागावं तर देवीला अडवल्यासारखं, न मागावं तर स्वतःलाच बुडताना बघायचं. मधल्या धारेत प्रभावतीबाईंनी गौरीपुढचा तेरडा सोडला. चित्र मात्र मांडीवरच राहिलं.

"सोडायचं ना?" शरदिनीने कसंबसं विचारलं.

"तुला कशी सोडू?"

"म्हणजे तुम्ही ओळखलंत?"

"पहिल्याच दिवशी. पण तुझ्या खऱ्या कपाळाला कुंकू लावायची माझी हिंमत नव्हती गं."

त्यांनी चित्र तिच्या हातात दिलं. दमट हवेने कुंकू नाकापर्यंत ओघळलं होतं. शरदिनीने ते पुसायला पदर उचलला, आणि नाव घाटाला लागली तरी ती पदर तसाच धरून बसून राहिली.