अण्णाचा लॅपटॉप बोलेना

काचबिंदूनं अण्णाची नजर कडेकडेनं खात आणली होती. अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ. बनशंकरीच्या आमच्या घरात वरच्या मजल्यावर तो एकटा राहतो. वहिनी गेल्यापासून सकाळी स्वयंपाकाला एक बाई येते आणि रविवारी जे. पी. नगरहून मी जाते. समोरचं माणूस त्याला नळीतून पाहिल्यासारखं दिसायचं, तेही उजेड असला तर. वाचणं केव्हाच सुटलं होतं. हा माणूस आयुष्यभर वह्या-पुस्तकांचं दुकान चालवत आला. गल्ल्यावर बसून तो वर्तमानपत्र जाहिरातींसकट वाचायचा.

आता त्याची ती भूक एका जुन्या लॅपटॉपवर भागत होती. पडद्यावरचा मजकूर मोठ्यानं वाचून दाखवणारा एक प्रोग्राम त्यात होता. कुठली बटणं दाबली की बातम्या, कुठली दाबली की मेल, हे अण्णाच्या बोटांना पाठ होतं. मी भाजी निवडत बसायचे, तो अग्रलेख ऐकायचा आणि मध्येच थांबवून म्हणायचा, "ऐकलंस? काय लिहितात लेकाचे!" मग आमचा वाद व्हायचा. रविवार बरा जायचा.

एक दिवस मी इलेक्ट्रॉनिक सिटीत ऑफिसमध्ये असताना त्याचा फोन आला.

"अगं, हे बोलतंय, पण वाचत नाहीये."

"म्हणजे?"

"पान उघडतच नाही म्हणतं. सकाळपासून तेच तेच."

रविवारी जाऊन पाहिलं. लॅपटॉपची मूळ प्रणाली जुनी झाली होती आणि कंपनीनं तिच्याकडे लक्ष देणं थांबवलं होतं. बातम्यांची पानं तिला उघडेनात, वाचणारा प्रोग्रामही अर्ध्यात अडकायला लागला. नवी प्रणाली घालू पाहिली तर पडद्यावर सूचना आली.

"काय म्हणतंय?" अण्णानं विचारलं.

"सपोर्टेड नाही म्हणतंय. फार जुनं आहे."

"कोण, मी?"

मी हसले. तो हसला नाही.

मी म्हटलं, नवा लॅपटॉप घेऊ. तर म्हणाला, "ह्याची बटणं माझ्या हाताची आहेत. नव्याची कुठं शोधत बसू?" तेही खरंच होतं. मी सॉफ्टवेअर तपासायचं काम करते. प्रणाली बसवणं हा माझा धंदा नव्हे, पण जुन्या यंत्रांवर लिनक्स ही फुकटची प्रणाली चालते एवढं माहीत होतं, आणि अंधांसाठी वाचणारा प्रोग्रामही त्यात येतो. पुढच्या रविवारी पेन ड्राइव्ह घेऊन गेले. "घरी नेऊन करते," म्हटलं तर लॅपटॉपवरचा हात तो काढेना. "इथंच कर. मी बसतो बाजूला."

तसाच बसला, खुर्ची ओढून, गुडघ्यावर हात ठेवून. मी एकेक गोष्ट सांगत होते: आता जुनं पुसलं जातंय, आता नवं उतरतंय, आता अर्धं झालं. तो मान हलवत होता. दुपारी यंत्र बंद होऊन पुन्हा सुरू झालं. पडदा स्वच्छ निळा उजळला. वायफाय लागलं, बटणं चालत होती, बातम्यांचं पान झटक्यात उघडलं.

"झालं, अण्णा. चालू झाला."

त्यानं हात पुढं केला, बटणांवर बोटं ठेवली आणि वाट पाहत राहिला.

"मग गप्प का?"

आवाज नव्हता. पेन ड्राइव्हवरून चालवून पाहिलं तेव्हाही नव्हता, पण पूर्ण बसवल्यावर येतो असं वाचलं होतं. आला नाही. त्या लॅपटॉपची आवाजाची चिप नव्या प्रणालीला ओळखूच येत नव्हती. माझ्यासमोर एक नीट चालणारा संगणक होता आणि अण्णासमोर एक थंड फळी.

"स्वल्प थांब," मी इथल्या कानडी वळणानं म्हटलं, "करते काहीतरी."

पुढचे कितीतरी रविवार त्यातच गेले. मदतीच्या संकेतस्थळांवर शोधलं. ह्याच मॉडेलबद्दल हाच प्रश्न कुणीतरी काही वर्षांपूर्वी विचारला होता आणि खाली एकही उत्तर नव्हतं. मी लांबलचक आज्ञा टाइप करायचे, यंत्र पुन्हा सुरू करायचे, आवाजाची कळ वर न्यायचे. एकदा स्पीकर खरखरला. अण्णा खुर्चीत ताठ झाला. पण ती खरखरच होती, थोड्या वेळानं तीही थांबली.

मधल्या काळात मी त्याला माझ्या फोनवर बघून बातम्या वाचून दाखवल्या. दोन-चार बातम्या झाल्या की म्हणायचा, "राहू दे, तुझा घसा बसेल." खरं म्हणजे कुठं थांबायचं, कुठलं गाळायचं, हे आता मी ठरवत होते आणि ते त्याला नको होतं. हळूहळू त्यानं बातम्या विचारणंच सोडलं. मी गेले की कॉटवर पडलेला असायचा. रेडिओ लावून दिला तर म्हणायचा, "ते सांगतील तेच ऐकायचं."

त्याच दिवसांत तपासणीला नेलं तेव्हा डोळ्यांतला दाब वाढलेला निघाला. डाव्या डोळ्याचं आता काही करता येणार नाही, असं डॉक्टरीणबाईंनी शांतपणे सांगितलं. परतताना रिक्षात तो एकच वाक्य बोलला, "अजून सूर्य कुठल्या बाजूला आहे ते कळतं गं." मी त्याचा हात धरून बसले. सिग्नलला रिक्षा थांबली.

उपाय सापडला तो अगदी साधा होता. ऑफिसात मीटिंगसाठी वापरते तो हेडफोन चुकून पिशवीत राहिला होता. तो यूएसबीला लागणारा होता, म्हणजे आवाज काढायची त्याची चिप त्याच्या स्वतःत होती, लॅपटॉपच्या चिपेशी त्याला देणंघेणं नव्हतं. लावला आणि अण्णाच्या कानांवर चढवला. त्याचे ओठ हलले.

"बोलतंय," तो म्हणाला. मग जरा वेळानं, "पण हा कोण?"

मी एक कान लावून पाहिला. जुना आवाज बाईचा होता, माणसासारखा. हा पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा होता आणि 'ळ' आला की अडखळत होता.

"कानडी माणूस मराठी वाचतोय असं वाटतं ना?" मी त्याला हसवायला म्हटलं.

"कानडी माणसं ह्याच्यापेक्षा बरं बोलतात."

बटणांच्या जोड्याही वेगळ्या होत्या. जी बटणं दाबून तो बातम्यांवर जायचा, ती दाबली की भलतंच काही बंद व्हायचं. तो चिडायचा, हेडफोन आपटायचा, पुन्हा लावायचा. नवं सगळं बोटांत बसायला बराच काळ गेला. पण शिकला. वर्षाच्या शेवटी उजव्या डोळ्यानंही उजेड सोडला, तोवर तो शिकला होता.

मग स्वयंपाकाच्या बाईनं तक्रार केली. ती कानडी बोलते. एका सकाळी तिनं मला फोन केला, "अक्का, मी जिन्यात उभी आहे. बेल वाजवून वाजवून थकले. अण्णा दार उघडत नाहीत." तशीच रिक्षा करून गेले, माझ्याजवळच्या किल्लीनं दार उघडलं. अण्णा टेबलाशी बसला होता. दोन्ही कान झाकलेले, मान किंचित तिरपी. आम्ही दोघी खोलीत उभ्या होतो आणि त्याला पत्ता नव्हता. खांद्यावर हात ठेवला तर केवढ्यानं दचकला!

मी यूएसबीवर चालणारा छोटा स्पीकर आणून दिला. त्यानं तो एकदा लावला आणि खोक्यात परत घातला. "घरभर तो मरतुकडा आवाज नको. माझ्यापुरता असू दे."

"अण्णा, मग नवा लॅपटॉप घेऊ. चांगल्या आवाजाचा."

"पुन्हा सगळं शिकायचं?"

"मी आहे ना."

"तू आहेस गं. माझ्यात आता पुन्हा शिकण्याची ताकद नाही." मग जरा थांबून म्हणाला, "हे बंद पडलं की पडलं. सरी, ठीक आहे."

बाईला मी एक किल्ली करून दिली. रविवारी गेले की मी आधी पाय आपटत चालते, म्हणजे फरशी हलली तर कळेल त्याला. कळत नाही. मग खांद्याला हात लावते, तो दचकतो, एक कान उघडा करून विचारतो, "कधी आलीस?" मी कॉफी करते, पेला त्याच्या हातात देते. तो अर्धी पितो, तो कान पुन्हा झाकतो, आणि मी समोर बसून त्याची बोटं बटणांवरून फिरताना बघत राहते.