वसूच्या गाडीचा कौल

दाना ओली ही आमची गल्ली; तिथं आमच्या समोर राहणारे आबा मोटरसायकलला हात लावण्याआधी म्हणायचे, "वसू, जरा बाजूला हो रे." मी तेव्हा लग्न होऊन नवीनच आलेली. वाटलं, मागे कुणी उभं असेल. पाहते तर कुणीच नाही! वसू म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ. गाडी त्याची. तो तापानं जाऊन वर्ष झालं होतं.

आबा दरबारच्या मोटारखान्यातले कारागीर. "लोखंडाशी भांडायचं नाही, त्याला समजवायचं," असं त्यांचं म्हणणं. संस्थान विलीन झालं, पहारे उठले, आणि गल्लीतून सायकली चोरीला जायला लागल्या. मग आबांनी गाडीला भोंगा बसवला. मी खिडकीतून पाहत होते, तर म्हणाले, "वहिनी, बघा तरी! हे पितळी कडं, त्यात टांगलेला हा ओळंबा. गाडी हलली की ओळंबा कड्याला टेकणार, बॅटरी जोडली जाणार, आणि चोराचे बापजादे जागे!"

चोर काही आला नाही. भोंगा मात्र वाजायचा, भर दुपारी, गल्लीत चिटपाखरू नसताना. एकदाच, लांब, कुणी हाक मारावी तसा. आबांच्या आई, जिजी, लगेच पाण्याचा तांब्या घेऊन ओट्यावर येत. "आला गं माझा वसू!" आबा मला हळूच सांगत, "उन्हानं पितळ फुगतं हो. पण जिजीला नका बोलू."

पुढे संस्थानांचं मिळून झालेलं मध्यभारत राज्यही मोडलं, राजधानी भोपाळ झाली, सरकारी कचेऱ्या तिकडे निघाल्या. आबांची नोकरीही आता सरकारी; हुकूम आला, तिथं हजर व्हा, नाहीतर नोकरी गेली. जिजी हटून बसल्या. "घर बंद दिसलं तर तो कुठं जाईल रे?" शेवटी म्हणाल्या, "त्याचाच कौल घेते." देवाला लावतात ना, तसा! हाक आली तर जायचं, नाही आली तर इथंच राहायचं.

कौलाच्या दिवशी नेमकं आभाळ भरलेलं, उन्हाचा पत्ता नाही. आबांनी हँडलला काळा दोरा बांधून तो आमच्या खिडकीत आणून दिला. "मी जिजीपाशी बसतो. तिनं विचारलं की ओढा, वहिनी. पाप लागलं तर माझं."

जिजींनी सीटवर फूल ठेवलं, डोळे मिटले. "बाळा, जाऊ का रे भोपाळला?"

मला ओढवेना हो. त्या म्हातारीचे जोडलेले हात बघून बोटंच वळेनात. दोरा सैल लोंबत होता, पार जमिनीला टेकलेला. आणि भोंगा वाजला. एकदाच, लांब.

जिजी रडता रडता हसल्या. "चल म्हणतोय तो. सामान बांध, आबा."

टांगा निघताना आबांनी मला हात जोडले. "ऐन वेळी ओढलात, वहिनी." मी नुसती मान हलवली. पुढे दर दिवाळीला भोपाळहून त्यांचं पत्र यायचं, खाली ठरलेली ओळ, 'आपले उपकार विसरलो नाही.' उत्तरात खरं लिहायला कितीदा बसले, कागद कोराच राहिला. आबा गेले. माझे नव्हतेच ते उपकार, शेवटपर्यंत माझ्याच नावावर ठेवून गेले.